पुंजाजींच्या कमरेचा इलाज

आमच्या अंबागेटाबाहेरच्या बोळात सूर्यभानइतका हट्टी माणूस दुसरा राहत नव्हता. हे मी, रामराव मास्तर, सांगतो आहे. आणि मी स्वतःही काही कमी हट्टी नाही, असं आमच्या घरचं मत आहे. सूर्यभान माझा शेजारी. एक खोली, पुढे पडवी, पडवीत एक जाडीभरडी सतरंजी. त्या सतरंजीवर तो लोकांना योगाची आसनं शिकवायचा आणि त्यांची दुखणी घालवायचा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मी अमरावतीच्या एका शाळेत दिवसभर पोरांवर ओरडायचो आणि संध्याकाळी पोट धरून घरी यायचो.

त्या पोटापायीच मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो. वाटलं, एखादं आसन सांगेल आणि मला मोकळं करेल. त्यानं काहीच सांगितलं नाही. मी जेवतो कसा, बसतो कसा, शाळेत उभा किती असतो, एवढंच विचारत बसला. आणि दुसऱ्या दिवशी चक्क माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर येऊन उभा राहिला. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी चिडून ओरडलो, तसा तो मान डोलावत निघून गेला. संध्याकाळी म्हणाला, मास्तर, तुम्ही श्वास भरून ओरडत नाही, श्वास संपल्यावर ओरडता, म्हणून सगळा जोर पोटावर येतो. मग त्यानं मला जेवणानंतर वज्रासनात बसायला सांगितलं, सकाळी गुडघे छातीशी घेऊन पडायला सांगितलं आणि श्वास सावकाश सोडायला शिकवलं. बस्स.

मला हे फारच किरकोळ वाटलं. त्याच सुमारास अडतीवरचा मुनीम ओमप्रकाश त्याच्याकडे शीर्षासन शिकत होता. मुनिमाला डोक्यावर उभं करायचं आणि मास्तराला नुसतं बसवायचं, हा मला माझा अपमान वाटला. मी घरात दार लावलं, भिंतीला पाय टेकवले आणि आपल्या अकलेनं शीर्षासन केलं. मान अशी धरली की पुढे बरेच दिवस मी सगळ्या वर्गाकडे तिरका बघत इतिहास शिकवला. सूर्यभानला हे कळलं तेव्हा तो हसला नाही, संतापला. दुसऱ्याचा सदरा अंगात घालता का कधी, असं त्यानं मला सुनावलं.

त्याचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. अंबादेवीच्या देवळाजवळ फुलं विकणारी मनकर्णाबाई दिवसभर मान खाली घालून हार गुंफायची आणि तिच्या मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या यायच्या. सूर्यभाननं आधी तिच्या दुकानात एक खुंटी ठोकली, हार त्या खुंटीला अडकवून छातीच्या उंचीवर गुंफायला लावला, आणि मग श्वासाबरोबर मान फिरवायची रीत शिकवली. सरकी काढायच्या जिनात काम करणाऱ्या हमालांच्या छातीत कापसाची भुकटी बसलेली असायची. त्यांच्यासाठी त्याचं काही वेगळंच असे. दोन माणसांना त्यानं सारखं काही दिलेलं मी तरी पाहिलं नाही. माणूस पोटापाण्यासाठी अंग कसं वाकवतो ते आधी बघायचं, मग त्याला आसन द्यायचं, हा त्याचा हट्ट.

असा हा लोकांची अंगं सरळ करणारा माणूस आठवड्यातून एकदा पानबाजारात जाऊन उगाच उभा राहायचा. अंजनगाव सुर्जीहून पानांच्या करंड्या यायच्या. तो एखादं पान उचलायचा, उलटं करून त्याच्या शिरांवरून अंगठा फिरवायचा, नाकाशी धरायचा आणि परत ठेवून द्यायचा. विकत कधी घेत नसे, विडा कधी खात नसे. दुकानदार वैतागायचे. एकदा मी बरोबर होतो. एक पान हातात धरून तो म्हणाला की हे आमच्या शिवाराकडचं आहे. मग ते त्यानं जपून करंडीत परत ठेवलं, आणि माझ्यासारख्या माणसालाही त्याला छेडावंसं वाटलं नाही.

तो जातीनं बारी होता. अंजनगावात त्यांचा पिढीजात पानमळा होता आणि बाप पुंजाजी तिथला नावाजलेला मळेकरी. पानमळा या लोकांना देवघरासारखा. आंघोळ करून, अनवाणी आत जायचं. वहाणा बाहेर काढायच्या. सूर्यभान ऐन विशीत असताना एका दुपारी वादळ आलं. तो बाजारातून परत येत होता. मळ्याभोवती वारा अडवायला उभा केलेला गवताचा कूड एका बाजूनं आडवा झाला होता आणि वेली उघड्या पडून झोडपल्या जात होत्या. पोरगा तसाच पायातल्या जोड्यांसकट आत धावला आणि बाप नि भाऊ येईपर्यंत त्यानं तो कूड पाठीवर तोलून धरला. वेली वाचल्या. पण त्याच पावसाळ्यात निम्म्या वेली मुळाशी सडून गेल्या. मला विचाराल तर वादळाचं पाणी साचलं म्हणून सडल्या असतील, पण मला कोण विचारतो. गाव म्हणालं, मळ्यात जोडे गेले.

नागपंचमीला बारी लोक आपल्या नागवेलीची पूजा करतात. त्या पूजेला सगळी भावकी जमलेली असताना पुंजाजींनी वेलीवर हात ठेवला आणि शपथ घातली. "हा पोरगा पुन्हा या मळ्यात शिरला, तं मी जलमभर पान तोडनार नाई."

शपथ मुलावर घातली, पण बांधले गेले ते स्वतःच. पान तोडणं हेच त्या माणसाचं सगळं जगणं. सूर्यभान त्याच आठवड्यात अमरावतीला निघून आला, एका आखाड्यात पाणी भरायला राहिला, आणि तिथल्या वस्तादांनी त्याच्यात काय पाहिलं कोण जाणे, त्याला कुस्तीऐवजी योग शिकवला. आई वारली तेव्हा तो गेला, पण मसणवटीतूनच परत फिरला. मी एकदा त्याला म्हटलं, मळा राहू दे, निदान घरी तरी जात जा. तेव्हा तो म्हणाला, "घराच्या मांगच्या दारातून मळा दिसते, मास्तर. दिसला का माहे पाय थांबनार नाईत. अन् माहे पाय गेले का बाबाचे हात गेले."

अशी बरीच वर्षं गेली. मग एका दिवाळीनंतर त्याचा थोरला भाऊ शालिकराम एका म्हाताऱ्याला धरून आमच्या बोळात आला. म्हातारा कमरेतून असा वाकलेला होता की त्याला आपल्या पायांखेरीज काही दिसत नसावं. ते पुंजाजी होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं होतं. हाड शाबूत आहे, स्नायू आखडले आहेत, औषधानं होईल तेवढं झालं, आता कोणीतरी हळूहळू मोकळं करायला हवं, असं सांगितलं होतं, आणि अमरावतीत योगानं इलाज करणारा एकजण आहे म्हणून नाव दिलं होतं. डॉक्टरांना नातं काय माहीत. शालिकरामला मात्र नाव ऐकताच कळलं होतं, पण त्यानं बापाला ते बडनेरा स्टेशन येईपर्यंत सांगितलं नाही. पुंजाजी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले आणि मग म्हणाले, आता आलोच आहे तर चल.

शालिकराम त्यांना ठेवून परत गेला. बाप मुलाशी बोलेना. मुलगा हातभर अंतरावर बसलेला असूनही ते मला सांगायचे, मास्तर, त्याला विचारा पाय लांब करू का. आणि हा शहाणाही मलाच सांगायचा, मास्तर, त्यांना सांगा, अजून नको. मी कोर्टातल्या दुभाष्यासारखा दोघांच्या मधे. आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला. पण सूर्यभाननं पहिल्यांदा बापाच्या कमरेवर तळहात ठेवला, श्वास तिथवर पोचतो का ते बघायला, आणि लगेच उचलून घेतला. दिवसभर लोकांच्या पाठी-कमरा चाचपणारा माणूस, तो मधेच उठून आत पाणी प्यायला गेला. तेव्हा मला माझ्या कंटाळ्याची लाज वाटली.

या रोग्याला कामाबद्दल काही विचारायची त्याला गरज नव्हती. सुरुवातीला नुसतं उताणं पडायचं, गुडघे उभे करायचे आणि श्वास कमरेत भरायचा. मग कूस बदलायची. मग त्यानं आढ्याला एक दोरी बांधली आणि श्वास घेत एक हात वर न्यायला लावला, शेंड्याकडचं पान खुडायला नेतात तसा. श्वास सोडत खाली. मी विचारलं, हे कोणतं आसन. तो म्हणाला, याला नाव नाही, हे यांच्यापुरतंच आहे.

मग आलं वाकणं. पानाच्या वेली आधाराच्या झाडापेक्षा उंच गेल्या की होळीच्या सुमारास त्या उतरवतात. झाडाला बांधलेल्या गाठी सोडायच्या, अख्खी वेल न मोडता खाली आणायची, तिच्या बुडाची गुंडाळी मातीत पुरायची आणि शेंडा पुन्हा वर चढायला मोकळा ठेवायचा. हे सगळं काम वाकून. पुंजाजींची कंबर याच कामात गेली होती. सूर्यभाननं एक ओलं धोतर आढ्यावरून सोडलं, हीच वेल समजा म्हणाला, आणि गुडघ्यातून वाकून ती कशी उतरवायची म्हणजे कमरेवर भार येणार नाही, ते करून दाखवू लागला. पण इतक्या वर्षांत त्याच्या हाताची सवय गेली होती. त्यानं धोतर भसकन ओढलं.

पुंजाजी माझ्याकडे न बघता थेट त्याला म्हणाले, "तशी नसते उतरवत वेल. झटका देला का पेऱ्यावर तुटते. हे पाह्य, अशी." आणि दुखणं विसरून ते उठले, मुलाचं मनगट धरलं आणि त्याच्याच हातानं ते धोतर हळूहळू खाली आणलं. मी चपला घातल्या आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की माझी दुभाष्याची नोकरी सुटली.

त्यानंतर त्यांचं बोलणं थांबेना. बोलणं म्हणजे काय, सगळं मळ्याचं. कोणती वेल अजून धरून आहे, वेलीच्या आधाराची कोणती शेवरी वाळली, विहिरीचं पाणी कुठवर गेलं. सूर्यभान गुडघ्यांना मिठी मारून ऐकत बसायचा. ज्या मळ्यात त्याला पाय ठेवता येत नव्हता त्यात बाप त्याला रोज सकाळी वाफ्यावाफ्यानं हिंडवून आणत होता.

असेच काही आठवडे गेले आणि एके दिवशी उजाडताना मी विहिरीवर गेलो, तर पुंजाजी ताठ उभे राहून पाणी शेंदत होते. भरलेली बादली त्यांनी एका दमात खांद्यावर घेतली. इतक्यात पडवीतून सूर्यभानचं खाकरणं ऐकू आलं. म्हाताऱ्यानं बादली खाली ठेवली, कमरेवर हात दिला आणि वाकून कण्हायला सुरुवात केली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मास्तर, तुमी काई पायलं नाई."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे माझं मूळ दुखणंच. दुपारी मी सूर्यभानला सांगून टाकलं. त्याला काही नवल वाटलं नाही. दुखत असलं की श्वास मधेच अडकतो, आणि बाबांचा केव्हापासूनच अडकत नाही, असं तो म्हणाला. मग रोज हे शिकवणं कशासाठी, असं मी विचारलं. त्यानं सतरंजीची घडी घातली, परत उलगडली, आणि म्हणाला, "बरे झाले म्हटलं का जातीन ना, मास्तर."

मी नाक शिंकरून वेळ मारून नेली. पुढे रोज सकाळी एक धडधाकट म्हातारा कण्हायचा, त्याला बरा केलेला माणूस गंभीरपणे विचारायचा, इथं दुखतं का, आणि मी समोर बसून चेहरा सरळ ठेवायचो. आयुष्यात मी इतकं अवघड आसन केलेलं नाही.

होळी जवळ आली तसा शालिकराम आला. वेली उतरवायला झाल्या होत्या. जुन्या वेलींना बाबांशिवाय कोणी हात लावायला धजत नव्हतं, आणि उशीर झाला तर उन्हानं सगळं जाणार होतं. पुंजाजींनी सूर्यभानकडे पाहिलं आणि म्हणाले की कंबर अजून पुरती झालेली नाही. सूर्यभाननं नुसती मान हलवली असती तर म्हातारा राहिला असता. शालिकरामही काही बोलला नसता. मला वाटलं, हलव रे मान, एवढी एकदा हलव. पण तो खोटा इलाज करणारा नव्हता. तो म्हणाला, "झाली, बाबा. वेली थांबत नसतात."

स्टेशनावर मीही गेलो होतो. गाडी येईपर्यंत बाप-लेक एका बाकावर बसले होते. शेवटी पुंजाजी म्हणाले की शपथ वेलीला हात लावून घातली, ती परत कशी घेता येईल. सूर्यभान म्हणाला, हो. मग डब्यात चढताना, शालिकरामनं पुढे केलेला हात बाजूला सारून ते स्वतः चढले आणि खिडकीतून म्हणाले, "पुढच्या साली बी माही कंबर धरन." गाडी हलली तरी सूर्यभान तिथेच उभा. मी त्याला चहाला चल म्हटलं, तर त्याला ऐकूच आलं नाही.

म्हातारा शब्दाला जागला. पावसाळा सरल्यावर कंबर धरली म्हणत आला. या खेपेला त्यांनी वाकायचाही कंटाळा केला. ताठ चालत बोळात शिरले आणि पडवीत बसल्यावर रीत म्हणून एकदा कण्हले. शिकवलेलं सगळं ते रोज पहाटे न चुकता करत होते, आणि गड्यांच्या आधी त्यांचा हात शेंड्याला पोचतो, असं शालिकरामकडून कळलं होतं. मुक्काम केला, मळ्याच्या गोष्टी सांगितल्या आणि गेले. सूर्यभान पुन्हा पानबाजारात जाऊन उभा राहू लागला. आता तो पान नाकाशी धरायचा तेव्हा बघवत नसे.

पुढच्या होळीच्या आधी शालिकराम एकटाच आला. त्याला एकटं बघून सूर्यभान जागचा उठला. शालिकराम पडवीच्या कडेला बसला आणि सांगू लागला. बाबा धडधाकट होते. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी ते मळ्यातून आले, पान खुडायची अंगठ्यातली लोखंडी नखी त्यांनी काढली आणि देवापुढे ठेवली. म्हणाले, "मी पान तोडनं सोडलं. माही कंबर बरी हाय, हात बरे हायेत, तरी बी सोडलं. आता जा, त्याले घेऊन ये."

मला वाटलं, सूर्यभान आता रडेल. पण त्याला आधी राग आला. भावाकडे बघून तो म्हणाला, "याच्यासाठी बरी केली काय मी त्याईची कंबर?"

जावं की न जावं, यात त्यानं सबंध दिवस घालवला. पण नखी देवापुढे ठेवून झाली होती. हा गेला नाही तरी पुंजाजी ती परत उचलणार नव्हते. एकट्यानं जायचा त्याचा धीर होईना, म्हणून मला रजा काढायला लावली. मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं आम्ही अंजनगावला उतरलो. सगळ्या वाटेत तो खिडकीबाहेर बघत होता, आणि पानमळ्यांचे कूड दिसू लागल्यावर त्यानं खिडकीकडे पाठ केली.

सकाळी आम्ही मळ्यावर गेलो. पुंजाजी बाहेर बांधावर बसले होते. त्यांनी मुलाकडे पाहून फक्त मान हलवली. सूर्यभाननं विहिरीवर आंघोळ केली, ओलेत्यानं कुडाशी उभा राहिला, वाकून मातीला हात लावला आणि आत गेला. हिरवा अंधार होता आत. दोन पावलांत तो दिसेनासा झाला. शालिकराम त्याच्या आधीच आत जाऊन वेलींच्या गाठी सोडू लागला होता.

मी म्हाताऱ्याजवळ बसलो. तुम्ही नाही जात का आत, असं विचारलं. ते म्हणाले, "जायाले बंदी नाई, मास्तर. पन आत गेलो का हात पानाले जातेच." मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि मोठ्यानं हाक मारून आत सांगितलं की विहिरीकडची जुनी वेल आधी घ्या, तिला झटका देऊ नका. त्यांनी मान लांब करून पाहिलं. काही दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं पानं हलली आणि सूर्यभान बाहेर आला. हात रिकामे होते. डोळे लाल झाले होते. इतक्या वर्षांनी आत गेलेला माणूस इतक्या लवकर बाहेर का आला, हे मलाही कळेना. पुंजाजी घाबरून म्हणाले, "काहून रे, काय झालं?"

तो त्यांच्या शेजारी बांधावर बसला.

"आत तुमी नाई, बाबा," तो म्हणाला.

त्या दिवशीच्या वेली शालिकरामनं एकट्यानंच उतरवल्या.